मधल्या खोलीतलं वाचन

नवतपा, म्हणजे मे महिन्याच्या शेवटाचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की आमच्याकडं दुपार ही वेळ राहत नाही, ती एक जागा होते. माणूस तिच्यात शिरतो आणि पलीकडून बाहेर पडेपर्यंत फारसं बोलत नाही. रस्त्याचं डांबर मऊ पडतं. कावळे नळाखाली चोची वासून बसतात. गल्लीच्या तोंडाशी एखादी वावटळ उभी राहते, वाळकी पानं अंगाभोवती फिरवत घराघरापाशी थबकते, आत कोण आहे ते पाहिल्यासारखं करते आणि पुढं जाते. माझी आई, जिला आम्ही आमच्या बंजारा गोरबोलीत याडी म्हणतो, वावटळ दिसली की अजूनही लेकरांना घरात ओढून घेते. कारण सांगत नाही.

यंदा नवतप्याच्या सुरुवातीलाच एका दुपारी वीज गेली. यवतमाळच्या आमच्या या घरात कूलर घरघरत असतो तोवर दुसरं काही ऐकू येत नाही. तो थांबला आणि घर एकदम मोठं झालं. त्या शांततेत शेजारच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला. तिथं माझी मुलगी पुस्तक घेऊन लोळली होती, हे मला ठाऊक होतं. आजीकडं गेली होती तेव्हा तिथल्या वाचनालयातून तिनंच ते आणलं होतं. तरी मी उठले, दारात जाऊन उभी राहिले, आणि तिच्या हातानं पुढचं पान उलटलेलं डोळ्यांनी पाहीपर्यंत तिथून हलले नाही.

"काय गं आई?" तिनं विचारलं.

"काही नाही. वाच."

त्या वाचनालयाशी आमच्या घराचं नातं माझ्या वडिलांपासूनचं. त्यांचं नाव रामसिंग, आम्ही त्यांना बा म्हणायचो. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बाच्या आजोबांनी राळेगावकडच्या काळ्या रानात तांडा टाकला, तो तिथंच रुजला. बैल नांगराला लागले, रानात कापूस आला. बा आश्रमशाळेत थोडंफार शिकला, आणि बाजाराच्या गावात कापूस घेऊन गेला की येताना तिथल्या वाचनालयातून पुस्तक घेऊन येऊ लागला. तांड्यातल्या लोकांना आधी हसू यायचं. मग सवय झाली. संध्याकाळी बाजेवर बसून तो वाचायचा आणि चार जण बिडी ओढत ऐकत बसायचे. आम्ही घरात गोरबोलीत बोलायचो, बाजारात वऱ्हाडीत, आणि पुस्तकातली मराठी ही आमची तिसरी भाषा. ती आम्हाला बाच्या तोंडून आली.

वाचनालय म्हणजे कोण्या जुन्या कापूस व्यापाऱ्याचं गोदाम. एकामागं एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि दोन बाकं. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि पाण्याचा माठ. मधल्या खोलीत सगळी कपाटं. त्या खोलीला खिडकी नव्हती. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि दुपारभर फरशीवरून सरकत जायचा. डांबराच्या गोळ्या, जुना कागद आणि दारावर टांगलेल्या ओल्या वाळ्याच्या ताटीचा वास. बाहेर जीव भाजून निघत असताना त्या खोलीत पायाला गार लागायचं. लहानपणी मला तो गारवा आवडायचा. नंतर त्याची भीती वाटू लागली.

काचबिंदूनं बाचे डोळे गेले ते हळूहळू, कडेकडेनं. आधी कपाटाच्या कडा गेल्या, मग ओळींची टोकं, मग सगळंच. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. बा घरी येऊन बाजेवर बसला आणि तसाच बसून राहिला. तेव्हा माझी थोरली बहीण शेवंता त्याच्यासमोर उभी राहिली. तिचं शिक्षण दहावीनंतर थांबलं होतं, ती शेतात जायची. ती म्हणाली, "बा, चाल. मी वाचतो, तू आयक."

तांड्यावरून एक एसटी दुपारी निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. त्यामुळं बाची वाचायची वेळ ती भर दुपारची. वाचनालयात मोठ्यानं वाचायचं नसतं, पण ग्रंथपाल वासुभाऊंनी मधली खोली मोकळी करून दिली. बासाठी लाकडी खुर्ची, शेवंतासाठी समोर वेताची. वासुभाऊ डोक्यावर ओला पंचा टाकून पुढच्या खोलीतल्या बाकावर डुलक्या घ्यायचे. मी कधी सोबत गेले तर पुढच्या खोलीत रविवारच्या पुरवण्या चाळत बसायची आणि आतून शेवंताचा आवाज यायचा. तिचा आवाज बारीक होता, पण भिंतीतून पाणी झिरपावं तसा सगळीकडं पोचायचा. नवीन परिच्छेद सुरू करताना ती श्वास ओढायची, तो बाहेरपर्यंत ऐकू यायचा. आणि पान उलटताना दर वेळी विचारायची, "आयकून राह्यला ना, बा?"

बा म्हणायचा, "हं."

त्यांचं शेवटचं पुस्तक एक जाडजूड कादंबरी होती, मोठ्या नदीवरच्या एका नावाड्याची. त्याचा मुलगा पुरात वाहून गेलेला, आणि नदीवर पूल यायची बोलणी चाललेली. पुस्तक नवं होतं, बाचे डोळे गेल्यावर आलेलं, आमच्याआधी कोणी नेलेलं नव्हतं. दिवाळीपर्यंत ते अर्ध्यावर आलं. खूण म्हणून शेवंतानं त्यात एसटीचं तिकीट घातलं होतं.

दिवाळीनंतर, कापसाची वेचणी चालू असताना तिला ताप आला. दोन दिवस आम्ही तो साधाच धरून चाललो. मग ती माणसं ओळखेना. कोणाच्या तरी जीपमधून तिला यवतमाळला नेलं, आणि दुसऱ्या सकाळी तीच जीप हळूहळू तांड्यात परत आली. एवढ्या हळू येणारी जीप मी पहिल्यांदा पाहिली. घरासमोरच्या वावरात फुटलेला कापूस तसाच झाडावर लोंबत राहिला, कोणी वेचला नाही, आणि पुढं अवकाळी पावसात काळा पडला.

तो हिवाळा आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. बा वाचनालयाचं नाव काढेना. मी दहावीची परीक्षा दिली, कशी दिली ते आठवत नाही. मोह फुलून गळून गेला, तेंदूपत्त्याचे पुडे बांधून झाले, आणि नवतपा लागला. त्या पहिल्या दुपारी बा एकदम उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत आला आणि म्हणाला, "सुमन, मले वाचनालयात ने."

मला बरं वाटलं. याडीलाही वाटलं असावं, तिनं त्याच्या डोक्याला ओलं फडकं बांधून दिलं आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घातला.

वासुभाऊंनी बाला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कपाटातून ते नावाड्याचं पुस्तक काढून बाच्या हातात दिलं. मी वेताच्या खुर्चीकडं वळले तसा बा म्हणाला, "तू भायेर बस."

"वाचू नको?"

"नको. मी नुसता बसतो."

मी बाहेर येऊन बसले. आत काही आवाज नव्हता. वाळ्याच्या ताटीतून थेंब पडायचे तेवढेच. बसची वेळ झाली तेव्हा मी आत गेले. बा पुस्तक मांडीवर मिटून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे दिवाळीनंतर मी पाहिलं नव्हतं. जेवून पाणी प्यायल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा.

रात्री जेवताना तो याडीला सहज म्हणाला, "त्या नावाड्याची बायको पाण्याले गेलती. तं तिले तिच्या पोराचा सदरा दिसला, बाभयीले अडकलेला. वायलेला. कोण्या पुरात आला अन् कवा अडकला, सांगता येत नाई."

याडी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "हे सुमननं वाचलं काय?"

"नाई," बा म्हणाला आणि पुढं जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याआधी पुस्तक हातात घेतलं. तिकीट जिथं होतं तिथून काही पानं पुढं सरकलं होतं. ते बानं हातानं सरकवलं असेल, असं मी मनाला सांगितलं. मग मी मधली पानं वाचली. विहिरीची वाट, बाभूळ, वाळलेला सदरा, सगळं तिथं होतं. तिकीट होतं ती ओळ आणि बानं जेवताना जिथं सांगणं थांबवलं ती जागा एकच होती.

मी वासुभाऊंना विचारलं की काल तुम्ही आत जाऊन वाचून दाखवलं का. ते म्हणाले, "नाई वं बाई. मी तं दुपारभर झोपलेला असतो. काहून?"

मी पुस्तक नेऊन बाच्या हातात दिलं.

रोज तेच होऊ लागलं. बा आत बसायचा, मी बाहेर, आणि रात्री तो गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा. मी दाराला कान लावून पाहिलं. ताटीच्या आडून डोकावून पाहिलं. बा मान किंचित कलती करून वेताच्या खुर्चीकडं तोंड करून बसलेला असायचा. उन्हाचा चौकोन त्याच्या पायांवरून जायचा. आवाज कसलाच नाही. फक्त मधूनमधून, थोड्या थोड्या वेळानं, तो म्हणायचा, "हं."

पुढच्या खोलीत रहीमचाचा म्हणून एक म्हातारे वर्तमानपत्र वाचायला यायचे. दिवाळीच्या आधीच ते लेकीकडं आदिलाबादला गेले होते, ते थेट त्या उन्हाळ्यात परतले. एका दुपारी त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "तुयी बहीण मोठं छान पढते, बेटा. आज लवकर थांबली. घसा बसला काय तिचा?"

माझ्या हातातली पुरवणी ओली झाली होती, घामानं.

"चाचा, तुम्हाले आयकू येते?"

"आता वय झालं, सगळे लफ्ज समजत नाई. पन आवाज येते ना. रोज येते."

नंतर त्यांना कोणीतरी शेवंताचं सांगितलं असावं, कारण त्यानंतर चाचा आत येईनासे झाले. भर उन्हात बाहेरच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि मला मात्र त्यांचा राग यायचा. त्यांना ऐकू आलं होतं. मी तिची बहीण, एका गोधडीत तिच्याशेजारी झोपलेली, आणि मला वाळ्याच्या ताटीतून गळणारं पाणी ऐकू येत होतं.

बा दिवसेंदिवस सुकत चालला. जेवण कमी झालं. दुपारची वाट बघत बसायचा आणि सकाळ त्याला नकोशी व्हायची. एका रात्री तो बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "आता थोडंच राह्यलं. पुस्तक संपलं का आमी मोकये."

याडी अंधारात उठून बसली. "आमी म्हंजे कोण?"

बानं कूस बदलली.

सकाळी याडी तांड्याच्या नायकाकडं गेली. तो वयस्कर माणूस, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "रामसिंगले तिकडं जाऊ नको देऊ. अशी दुपार बरी नसते." त्या दिवशी याडीनं बाला अडवलं. तो भांडला नाही. रस्त्याकडं तोंड करून बसला, पाण्याला हात लावला नाही. एसटीचा भोंगा वाजला तेव्हा त्याचं अंग एकदा हललं. मग गाडी गेली, याडी आत पीठ मळायला गेली, मी गोठ्यात होते, आणि बाहेर येऊन पाहते तर बाज रिकामी.

तो आम्हाला रस्त्यावरच्या पुलाजवळ सापडला. अनवाणी. डोळे नसलेला माणूस, डांबराच्या कडेनं, नवतप्याच्या उन्हात, बाजाराच्या गावाच्या दिशेनं नीट चालत होता. त्याच्या तळपायांची कातडी सोलून निघाली होती. बाजूच्या शेतातली बाई म्हणाली की त्यानं एक हात असा पुढं धरला होता, कोणी धरून नेत असल्यासारखा. याडीनं तिला पुढं बोलू दिलं नाही.

त्या संध्याकाळी बाच्या तळव्यांना कोरफडीचा गर लावता लावता याडीनं ठरवलं. तिनं मला चुलीपाशी बोलावलं.

"उद्यापासून तू वाच. भराभर वाच अन् ते पुस्तक संपव."

"तो मले वाचू देत नाई, याडी."

"मी येतो संगं. ती एकटी वाचत राह्यली तं त्याले घेऊन जाईन. तू वाचलं तं तो तुह्या आवाजाले धरून राहीन. एकदा पुस्तक संपलं का पोरगी बी सुटन." मग तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "माह्या पोरीले मी हाकलून राह्यली," ती म्हणाली.

याडी त्या आधी कधी वाचनालयात गेली नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं, आणि ती तेव्हा अजून आमचा जुना आरशांचा पोशाख घालायची, बाजारात लोक वळून बघायचे. दारात तिनं चपला काढल्या, तिथं कोणी काढत नसे तरी. मधल्या खोलीत शिरली आणि कौलातलं ऊन तिच्या फेटियाच्या, त्या घेरदार घागऱ्याच्या आरशांवर पडलं. सगळ्या कपाटांच्या काचांवर उजेडाचे ठिपके उडाले आणि थरथरू लागले. बाला ते दिसत नव्हतं, पण त्यानं मान वर केली.

"तू काहून आली?"

याडी वेताच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि घरात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "शेवंता, आता धाकटी वाचन. तू दमली असशीन, बाई. तू बस कर."

बाचा जबडा हलला. मी त्या खुर्चीत बसायला धजावले नाही. एक स्टूल ओढून घेतलं, याडी कपाटाला टेकून खाली बसली, आणि मी वाचायला लागले.

ते दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांत दिसतात. मी वाचत होते आणि मी थांबले की याडी म्हणायची, "चाल, पुढं." अर्थाकडं लक्ष नव्हतं, नुसत्या ओळी पळवत होते, शेताच्या धुऱ्यावरून धावावं तशा. पण माझ्याच वाचण्यात काही गोष्टी येऊ लागल्या ज्या माझ्या नव्हत्या. नवीन परिच्छेद आला की मी श्वास ओढायची, तो मला ऐकू यायचा. एकदा पान उलटताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आयकून राह्यला ना, बा?" मी ते कधीच म्हणत नसे. खोलीतला गारवा पायांपासून गुडघ्यापर्यंत चढला.

"हं," बा म्हणाला.

शेवटच्या दुपारी माझा घसा बसला. थोडीच पानं उरली होती. एका वाक्याच्या मध्येच आवाज फुटेना. मी थांबले, पाणी मागावं म्हणून मान वर केली, आणि मागितलं नाही. मी थांबले आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाची मान कलती होती, नेहमीसारखी. आणि खाली बसलेली याडी, तिचीही मान तशीच, त्याच बाजूला. ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं. काचांवरचे उजेडाचे ठिपके जागच्या जागी थांबले होते, एकही हलत नव्हता. ती दोघं ऐकत होती.

मी पुस्तक उघडं धरून बसले. मला काही ऐकू येत नव्हतं. बाहेर दूरवर ट्रॅक्टर चालला होता, तो ऐकू येत होता. उन्हाचा चौकोन बाच्या गुडघ्यावरून फरशीवर उतरला. एकदा याडीनं डोळे पुसले आणि सगळ्या कपाटांवर उजेड थरथरला. एकदा बा "हं" म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी हलक्यानं, याडीही म्हणाली, "हं."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग दोघांच्याही माना एकदमच सरळ झाल्या. याडीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिथं आहे हे आत्ता आठवल्यासारखं, आणि माझ्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"तू कुठी थांबली?" तिनं विचारलं. "ती नाव काठावर उलटी घालून ठेवली, तिथून वाच आता. तेवढंच राह्यलं."

मी पानं उलटली. अगदी शेवटच्या पानावर, शेवटच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला, पूल बांधून झाला होता आणि नावाड्यानं आपली नाव काठावर उलटी घालून ठेवली होती. मी ते बसलेल्या घशानं वाचलं. थोड्या ओळी होत्या. पुस्तक संपलं.

बा उठला. हात पुढं करून वेताच्या खुर्चीपाशी गेला, वाकला, आणि तिच्या बैठकीवर तळवा ठेवून उभा राहिला, चूल विझली का ते पाहावं तसा. "गेली," तो म्हणाला. मग तो तिथंच खाली बसला आणि रडला. शेवंता गेली त्या दिवशी तो रडला नव्हता.

बा त्या उन्हाळ्यात गेला नाही. पुढं बरीच वर्षं जगला, माझं लग्न पाहिलं, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. त्याला मी कितीतरी पुस्तकं वाचून दाखवली आणि त्यानं ती साधेपणानं ऐकली, मी थांबले की "काय झालं?" म्हणून विचारलं. गोदाम आता पाडलं आहे, तिथं मोबाईलची दुकानं झाली. वाचनालय नव्या इमारतीत गेलं. मोठ्या खिडक्या, पांढरे दिवे, स्पर्धापरीक्षेची मुलंमुली दिवसभर मान खाली घालून बसलेली. बाचं सभासदत्व माझ्या नावावर आलं, माझं आता मुलीच्या. तिकडं गेले की मी नव्या इमारतीत सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून येते. सगळीकडं सारखाच उजेड असतो. मी शाळेत शिकवते, आणि धडा मोठ्यानं वाचताना कधीकधी वाक्याच्या मध्येच थांबते. वर्गाला वाटतं बाईंची ओळ चुकली. मी समोरच्या माना बघत असते, एखादी कलती होते का. आजवर झालेली नाही.

याडीला मी पुढं अनेकदा विचारलं की त्या दुपारी तू काय ऐकलंस. ती म्हणते, "तूच तं वाचत होती." एवढंच म्हणते आणि कामाला लागते. आता तिचे हात थरथरतात, तरी कामाला लागते.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. बाला रडू देऊन याडी उठली आणि पुढच्या खोलीत आली. मी तिच्या मागोमाग आले, कारण मला त्या खोलीत मागं राहायचं नव्हतं. वासुभाऊ बाकावर जागे होते. याडी त्यांच्याशी आजवर एक शब्द बोललेली नव्हती. मला वाटलं ती आता निरोप घेईल, पुन्हा आम्ही येणार नाही म्हणून सांगेल. सबंध आठवडा ती याच क्षणासाठी मला पळवत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "हे संपलं. आता याच्याहून जाडं द्या."

वासुभाऊ काही न विचारता उठले. आत गेले, स्टुलावर चढले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून दोन्ही हातांनी धरून एक पुस्तक खाली आणलं. त्यावरची धूळ पंचानं पुसली. याडीनं ते हातात घेतलं. नाव काय, कशाबद्दल आहे, काही विचारलं नाही. बाजारात धान्य तोलून पाहतात तसं नुसतं वजन पाहिलं.

"हे किती दिवस पुरन?"

वासुभाऊंनी विचार केला. "हळू वाचलं तं पोयापर्यंत, पार श्रावण सरेपर्यंत जाईन."

"हळूच वाचते ती," याडी म्हणाली.

मी तिच्या बाजूलाच उभी होते, घसा बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती मधल्या खोलीच्या दाराकडं बघत होती.